एकही खाडा नाही
फिनेलचा वास आला की मला चेन्नईतल्या दवाखान्याची ती बिनखिडकीची खोली आठवते. मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होतो. क्रोन्सच्या, म्हणजे आतड्यांच्या जुनाट आजारात भगंदर झालं होतं, आणि ऑपरेशन लगेच करायचं की थांबायचं हे ठरवण्याआधी माझं जगणं किती अवघड झालंय ते प्रश्नावलीवरून मोजणार होते. तंजावरकडच्या मराठी नर्सबाई प्रश्न वाचत होत्या, मी एका कुशीवर कलून बसलो होतो. "शौचालय जवळ नाही म्हणून दोन आठवड्यांत किती खाडे केलेत?" "एकही नाही," मी ताठ मानेनं म्हणालो. खोटं नव्हतं ते. कंपनीची बस दीड तास मध्ये कुठंच थांबत नसे, म्हणून मी आदल्या दुपारपासून जेवतच नसे. पण तसा प्रश्न कागदावर नव्हता, आणि मीही मूर्खासारखा गप्प राहिलो. बेरीज करून बाई खुशीत म्हणाल्या, "छान मार्क पडलेत हो! आता ऑपरेशनची घाई नाही करणार डॉक्टर." दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा उपाशीपोटी त्याच बसमध्ये होतो. आजही प्रवासाआधी बायको विचारते, "त्रास नाही ना होणार?" "छे," म्हणतो मी, आणि ताट बाजूला सारतो.