बाराच्या आतलं जेवण

परवा शुक्रवारी आमच्या घरातल्या घड्याळाने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला...

आमच्या गावी, इकडच्या गोरेगावला, जोसेफ येणार होता, माझा कॉलेजातला रूममेट. आता तो ख्रिस्ती मठात राहतो. फादर नाही, ब्रदर... पण आमच्याकडे ब्रदर म्हणजे दवाखान्यात सलाईन लावणारा! साधू म्हणालो तर आईच्या डोळ्यांसमोर जटाच आल्या.

"म्हंजे त्यांच्यातले भन्तेच का?" तिने विचारलं. मी "व्हय" म्हणून मोकळा झालो.

तिथेच फसलो. आम्ही बौद्ध. भन्ते, म्हणजे आमचे भिक्खू, घरी आले की भोजनदान बाराच्या आत, बारानंतर ते जेवत नाहीत. आईने सकाळीच भाकरी थापून ठेवल्या.

साडेअकरा झाले तरी जोसेफचा पत्ता नाही. सेनगावहून येणारी जीप वाटेत पंक्चर झाली होती. त्यांच्यात असा नियम नसावा, हे मी आईला दहादा सांगितलं... पण "नसावा" म्हटल्यावर आई थोडीच ऐकणार!

"दारी आलेला भन्ते उपाशी राहिला तं मला घास गोड लागंल का? काहून उभा राहिला, गाडी काढ!"

जोसेफला बाईकवर घालून आणलं तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. आईने त्याला हातपाय धुवायलाही नीट उसंत दिली नाही, सरळ ताटावर बसवलं.

ताटाकडे बघून जोसेफ थबकला. मी हळूच घड्याळ दाखवून बाराचं सांगितलं. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली आणि जेवायला लागला... शेवटचा घास बाराला दोन मिनिटं कमी असताना. तेव्हा कुठे आई खाली टेकली.

संध्याकाळी परतीच्या जीपची वाट बघताना मी भजी सांगितली, तो नको म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं... ईस्टरच्या आधीचे उपवास चालू आहेत. शुक्रवारी तो दिवसभर फक्त पाण्यावर असतो, रात्री एकदाच जेवतो.

"मग बोलला का नाहीस?"

"आईंचा नियम मोडला असता ना. माझा मी उद्या पाळतो."

मला लाज वाटली, आणि खूप बरंही वाटलं.

आईला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण भन्तेच का, असं तिने पुन्हा विचारलं, तर या वेळी मी विचार करून "व्हय" म्हणेन.