फॅटची रेघ

मी चौथी पास. तरी गावच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला पहिलं बोट मीच लावलं. फुशारकी म्हणा हवी तर, पण खरं आहे.

संस्थेत फॅट काढायचं, म्हणजे दुधातला स्निग्धांश मशीनवर मोजायचं काम माझं. दुधाचा दर फॅटवर ठरतो, म्हणून फॅट काढणारा माणूस गावाला कधी गोड लागत नाही. दिवाळीच्या आसपास म्हशी व्यायला लागतात, दूध वाढतं आणि फॅट उतरते. म्हशीचा तो धर्मच. बोल मात्र मला. चार म्हशी पाळणारी भावकीतली वहिनी तर रांगेतूनच ओरडायची, "घरातनं सात फॅटचं निघाल्यालं दूध भावजींच्या मशीनीत साडेसहाचं हुतंय! मधी कोण पितंय फॅट?"

म्हणून दर वार्षिक सभेला मी भिंतीवर चार्ट लावायचो. महिन्याच्या दुधाचे उभे खांब आणि त्यांच्यावरून जाणारी फॅटची रेघ. खांब चढले की रेघ उतरायची. जुन्या एक्सेलात खांब आणि रेघ एकत्र असलेला नमुना तयारच मिळायचा.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला सभेच्या तोंडावर नवं एक्सेल बसलं आणि तो नमुना गेला. नेमकं त्याच वर्षी वहिनी गावभर सांगत होती, "औंदा सभंत भावजीला फॅटच्या कामावरनं उठीवतो की न्हाई बघा."

दुधाचे लिटर हजारांत, फॅट सहा-सात. दोन्ही एका चार्टात घातले तर फॅटचे खांब तळाला चिकटून बसले, दिसेनात. कोल्हापूरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

"काका, फॅटच्या खांबावर क्लिक करायचं, त्याची रेघ करायची आणि तिला उजव्या बाजूची वेगळी मोजपट्टी द्यायची."

"अरं, खांब दिसंना तर क्लिक कशावर करू?"

"मग राहू द्या. आकडेच लिहून लावा."

फोन ठेवला. राहू द्या म्हणे! दोन दिवस तळाशी माऊस फिरवला, दर वेळी दुधाचाच खांब हाती लागायचा. तिसऱ्या दिवशी चिडून फॅटच्या रकान्यात बाराही महिन्यांना सहा-सहा हजार ठोकले. खांब ताडकन उभे राहिले! मागून सेक्रेटरी म्हणाले, "आण्णा, सहा हजार फॅट? कुठल्या बाजारात गावली म्हैस? एक मला बी बांधा."

"जरा दम धरा की."

खांब धरला, त्याची रेघ केली, उजवी मोजपट्टी दिली. मग वहीतली खरी फॅट एकेका महिन्याला परत लिहिली. शेवटचा आकडा पडला तशी मोजपट्टी आपसूक सहा-सातावर आली आणि रेघ पहिल्यासारखी वळणं घेत उभी राहिली. कुणी शिकवलं नव्हतं. त्याच तावात वहिनीच्या एकटीच्या दुधाचाही एक चार्ट काढला.

सभेत तिनं तोंड उघडायच्या आत तोच तिच्या पुढ्यात धरला. अक्षर येत नव्हतं तिला, पण रेघेवरून बोट फिरवत आली आणि खड्ड्यात थांबली.

"हितं माझी थोरली म्हैस व्याली."

"व्हय. आणि हितं धाकटी."

ती पुन्हा बोट फिरवत उन्हाळ्यापर्यंत गेली.

"आणि हितं एवढी वर गेलती, तवा का सांगितलं न्हाईसा?"

"तवा तुम्ही भांडाय आला न्हाईसा, वैनी."

सगळी सभा हसली, तीही हसली. मला कामावरून उठवायचा विषय कुणी काढला नाही. चार्ट मात्र तिनं परत दिला नाही. घडी घालून कमरेला खोचला.