गेनूतात्यांची पकड

गेनूतात्या कुणाला नमस्कार करत नसत. समोर आलेल्या माणसाचं मनगट धरायचं आणि म्हणायचं, "सोडीव." मग तो गावचा पाटील असो नाहीतर सोयरीक घेऊन आलेला पाहुणा. देहूरोडच्या लष्करी डेपोत मी कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकापाशी माझं मनगट धरलं. मी नगरकडचा, इथं ओळखीचं चिटपाखरू नाही. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं आणि आता मार बसणार. मी हात ओढला, पिळला, पाय रोवून मागे रेललो. शेवटी त्यांनीच तो सोडला आणि म्हणाले, "जोर हाय, पर समदा खांद्यात घालवतोस. सांजच्याला मैदानावर ये, कारकून."

असा मी हुतूतूच्या संघात शिरलो. तात्या तळवड्याचे. घरी नदीकडेला थोडी जमीन होती आणि दिवसा डेपोत पेट्या उचलायचं काम. पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, घरात सून आली होती, पण चढाईला पहिले तेच जायचे. त्यांचा आवाज खणखणीत होता. चढाई करणाऱ्यानं एका दमात, पंचाला ऐकू जाईल असं, हुतूतू म्हणत राहायचं आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेला परत यायचं, हा खेळाचा कायदा. तात्यांचं हुतूतू पंचालाच काय, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचं. आम्ही कुणी पकडीत सापडून घाबरलो की बाहेरून ते ओरडायचे, "रेघ कुठं गेली न्हाई. जा तिच्याकडं." घरात म्हैस अडली तरी हेच आणि डेपोत साहेब तापला तरी हेच. रेघ कुठं गेली न्हाई.

मग एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, हळद-दूध दिलं, कुणी ज्येष्ठमध दिला, कुणी देवऋष्याचा अंगारा आणला. आवाज काही उठेना. गिळताना दुखायला लागलं तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुंबईला पाठवलं आणि तिथं घशाच्या कर्करोगावर शिक्कामोर्तब झालं. मला आजही या गोष्टीचा राग येतो. हा माणूस आयुष्यात विडीला शिवला नव्हता. तंबाखू मळणाऱ्या गड्याला मैदानाबाहेर बसवायचा. आणि गावात जो तो मला बाजूला घेऊन विचारी, "खरं सांगा, चोरून ओढीत असतील ना?" विचारणाऱ्याच्या गालात तंबाखूची गोळी असायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मशिनीवर घशाला लाइट, म्हणजे किरणांचा शेक, द्यावी लागेल, गाठ कदाचित विरघळेल, पुढचं आत्ताच बोलता येत नाही. मी विचारायचे प्रश्न मनात जुळवून ठेवले होते. तात्यांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "हुतूतू म्हणता यील का?"

डॉक्टर भले होते. म्हणाले, "आवाज जपा आता, बाबा."

"जपून त्याचं काय लोणचं घालायचं?" तात्या म्हणाले.

लाइट घेऊन ते परतले तेव्हा गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती आणि अंगावरचं मांस उतरलं होतं. आवाजाच्या जागी एक खरखर उरली होती. पण गाठ बसली होती, आणि तात्यांनी तेवढंच ऐकलं. चैत्रात तळवड्याची जत्रा होती. जत्रेत हुतूतूचे सामने व्हायचे आणि त्यात आपण उतरणार, असं त्यांनी गाडीतून उतरता उतरताच मला सांगून टाकलं. मी म्हटलं, "तात्या, धड पेज गिळता येत नाही तुम्हाला." त्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. पूर्वीची ती सांडशी राहिली नव्हती, तरीही मला ते सोडवता आलं नाही.

बाकीच्यांना मात्र ते सोडवायचं नव्हतंच. तात्या रस्त्यात हात पुढे करायचे आणि माणसं आपला हात मऊ सोडून द्यायची. दोनदा खोटं हिसकायचं आणि म्हणायचं, "न्हाई बाबा सुटत, तात्या. तुमचा जोर तसाच हाय." सगळे असेच. तात्या हात सोडून देत. मी शेजारी उभा राहून दातओठ खायचो. एकाला मी म्हटलंही, अरे ओढ की जरा. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी तात्यांच्या जिवावरच उठलोय. लोक वाईट नव्हते. तेच मोठं अवघड होतं, कारण वाईट असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं.

तात्या पहाटे इंद्रायणीच्या काठानं पळायला लागले. काकी मला बोल लावायच्या, "तुमीच नादी लावलंय त्यास्नी." मी कसला त्यांना नादी लावणार! त्यांना थांबवून थांबवून माझाच घसा बसायची वेळ आली होती. पळण्यापेक्षाही बिकट काम होतं आवाजाचं. पंचाला ऐकू गेलं नाही तर चढाई रद्द, मग अंगात कितीही दम असो. तेव्हा तात्यांनी एक रीत काढली. मी बांधावर उभं राहायचं, त्यांनी विहिरीपाशी उभं राहून हुतूतू म्हणायचं, आणि मला ऐकू येतंय तोवर मी हात वर ठेवायचा. पहिल्या दिवशी माझा हात वर गेलाच नाही. ते थोडे जवळ आले. तरी नाही. शेवटी ते माझ्यापासून बैलजोडीच्या अंतरावर आले तेव्हा कुठं सुपात धान्य पाखडल्यासारखा एक आवाज मला ऐकू आला. मी हात वर केला. तात्यांनी पायानं मातीत तिथं एक खूण केली आणि दुसऱ्या दिवशी त्या खुणेच्या मागे उभे राहिले.

असं ते रोज मागे सरकत गेले. कधी एका दिवसात कमावलेलं दुसऱ्या दिवशी घालवायचे, घशातून रक्ताची धार यायची, मी चिडून घरी निघून जायचो. दुसऱ्या दिवशी डेपोच्या फाटकाशी ते उभे. "काल रुसला व्हतास व्हय, कारकून?" जत्रा तोंडावर आली तोवर पंच उभा राहतो तेवढ्या अंतरावरून मला हुतूतू ऐकू येत होतं. तात्यांनी त्या दिवशी काकींना पुरणपोळी करायला लावली आणि स्वतः नुसती कटाची आमटी प्यायले.

सामना मोशीच्या संघाशी होता. त्यांचा म्होरक्या किसन, अंगानं रेड्यासारखा, पण तात्यांच्याच हाताखाली शिकलेला. पंच चिखलीच्या शाळेतले एक मास्तर. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की कान उघडे ठेवा. तात्या मैदानात उतरले तशी सगळी जत्रा गप्प झाली. त्यांनी रेघेला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढाईला गेले. ती खरखर मला ऐकू येत होती, मास्तरांना ऐकू येत होती, त्यांनी मान डोलावली. आणि मोशीचे गडी बाजूला झाले. एकही पुढे येईना. तात्या किसनच्या पुढ्यात गेले, त्याच्या छातीला शिवले, आणखी एकाला शिवले, आणि किसन हात खाली सोडून उभा. तात्या चालत रेघेवर परत आले.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. बायका डोळे पुसत होत्या. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला कुठं तरी लपावंसं वाटत होतं. ते तडक मास्तरांकडे गेले. गलक्यात त्यांचा आवाज पोहोचेना, म्हणून त्यांनी माझी मान खाली वाकवून कानात सांगितलं आणि मी मोठ्यानं बोललो, "तात्या म्हणतात, हे मला धरीत न्हाईत. मला बाद द्या."

मास्तर गडबडले. "अहो, दोन गडी मारलेत त्यांनी. बाद कसं देऊ?"

तात्या स्वतःच जाऊन बाद गड्यांच्या रांगेत बसले. किसन धावत आला, पाया पडायला वाकला. "तात्या, तुमच्या अंगाला कसा वो हात लावू? काय झालं म्हंजी?"

"माझा रोग घशात हाय, किसना," तात्या म्हणाले. "हाडात न्हाई."

किसन रडायला लागला. पण धरतो असं काही तो म्हणाला नाही. मी त्याला म्हटलं, पुढच्या चढाईला धर त्यांना, माझी शपथ आहे. त्यानं नुसती नाही अशी मान हलवली. तात्या पुन्हा चढाईला गेलेच नाहीत. सामना आम्ही जिंकला, आणि गावानं हार घातला तात्यांच्याच गळ्यात. त्यांनी तो काढला आणि परतताना वाटेत एका गाड्याच्या जुवावर अडकवून टाकला. इतके दिवस तात्या त्या आवाजापायी झिजले, आणि ज्यांच्याशी खेळायला झिजले त्यांनी त्यांची कीव केली. घराशी आल्यावर तात्यांनी मला एवढंच सांगितलं, "तू तरी खरं खेळ, कारकून."

पुढच्या हिवाळ्यात गाठ पुन्हा उठली. या वेळी डॉक्टरांनी लाइट द्यायचं नाव काढलं नाही. पावसाळा लागायच्या आत तात्या गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांविषयी गावात पुष्कळ बोललं जातं. ते फार शांत झाले होते, त्यांनी सगळं देवावर सोडलं होतं, असं सांगतात. मला हे ऐकवत नाही. मी त्या दिवसांत जाऊन आलो होतो, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

ते पडवीत बाजेवर होते. आवाज पूर्ण गेला होता. भेटायला आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि किसनही त्यांच्यात होता. मी बाजेपाशी गेलो तशी तात्यांनी माझं मनगट धरलं. "सोडीव" म्हणायला आवाज नव्हता, पण त्यांनी भुवया उडवल्या. नुसती हाडं राहिली होती त्या हाताची. काकी म्हणाल्या, "असू द्या, भाऊसाहेब. धरू द्या त्यास्नी." मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, मी काय करतो ते.

मी जोर लावला. खांद्यात नाही, मनगटात, त्यांनी शिकवला होता तसा. तात्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बाज करकरली. मागून कुणीतरी म्हणालं, अहो काय करताय हे, आणि मी ओढत राहिलो. त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग माझं मनगट सुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुटलं.

माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. तात्या धापा टाकत स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत होते. मग ते हसले, आवाज नसलेलं, तोंडभर. आणि दम खाऊन झाल्यावर त्यांनी तोच हात पुढे केला, माझ्यापुढे नव्हे, भिंतीपाशी बसलेल्या किसनपुढे, आणि भुवया उडवल्या.

किसन उठला. या वेळी त्यानं हात मऊ सोडला नाही.