न पाठवलेला मेसेज

असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. माझं कामच असं, की सिग्नल एकतर असतो नाहीतर नसतो... मधलं काही नाही. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली.

मी मूळचा नगरकडचा. नोकरीसाठी वाशीमला खोली घेऊन एकटा राहतो. वीज पडण्याचा, पुराचा इशारा टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम सोडतात, पण तो कुणाला मिळाला हे पाठवणाऱ्याला कळत नाही. फोन उलट उत्तर देत नाहीत. म्हणून मी गाडीत चार फोन ठेवून जिल्हाभर फिरायचो आणि चाचणीचा संदेश कुठे पोचतो ते नोंदवायचो. संदेशाचा मजकूर मी लॅपटॉपवर लिहून ऑफिसला मेल करायचा, तिथून तो सुटायचा. गाडीही मीच चालवायचो. कधीकधी दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा नाही.

अनसिंगच्या पुढे एका ठिकाणी रस्ता खोलगट भागात उतरतो. भर दुपारी तिथे चारही फोनची रेंज गेली. निंबाखाली गाडी लावून डबा उघडला. आजूबाजूला तुरीची शेतं, माणूस एक नाही. काय वाटलं कुणास ठाऊक — लॅपटॉपवर, संदेशाच्या चौकटीत मी टाइप केलं, "कोणी आहे का?" स्वतःचंच हसू आलं. लगेच पुसून टाकलं. लॅपटॉपला इंटरनेट नव्हतं, मी कुठलं बटण दाबलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो.

अर्ध्या तासाने शेताच्या बांधावरून एक बाई घाईघाईने आल्या. पन्नाशीच्या, हातात पाण्याची कॅन.

"तुमीच हाय का?"

"कोण मी?"

"मले मेसेज आला ना! कोनी अडकून पडलं काय म्हनून पाहून राह्यली केव्हाची. घ्या, पानी प्या."

त्यांनी साधा बटणांचा फोन पुढे केला. वर नेटवर्कची एकही कांडी नाही. खाली संदेश — "कोणी आहे का?" वेळ बारा पन्नास, मी टाइप केलं तेव्हाचीच. पाठवणाऱ्याच्या जागी काहीच नाही, कोरं.

मी त्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. त्या म्हणाल्या, "मी हाय ना. इथं शेतात मीच राह्यते. मालक वारले, पोरगी पुन्याले." मग काळजीने माझ्याकडे बघत, "जेवले का तुमी?"

मी डबा पुढे केला. मावशींनी अर्धी पोळी घेतली. पोरीशी बोलायला त्यांना दीड कोस चढावर जावं लागायचं.

गाडीत बसल्यावर पेच पडला. नोंदीत 'संदेश मिळाला' लिहिलं तर तिथे टॉवर आलाच नसता. मी लिहिलं — मिळाला नाही. ते खोटं होतं की खरं, मला अजून ठरवता येत नाही. त्या स्क्रीनचा फोटो मात्र माझ्याकडे आहे. आमच्या सीनियरना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "हे ऑफिसात कुणाला सांगू नकोस."

पुढच्या वर्षी टॉवर झाला. मावशींचा नंबर त्या दिवशी घेतला होता, त्यावर लगेच मेसेज केला. पोचला नाही. फोन केला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. जाऊन पाहतो तर कांड्या पूर्ण, पोरीचा फोन माझ्यासमोर आला, दोघी मनसोक्त बोलल्या. नंतर मी शेजारी उभं राहून लावला... लागला नाही. सिम बदललं, हँडसेट बदलला. जगात सगळ्यांचा लागतो, माझा तेवढा लागत नाही. का, ते मला सांगता येत नाही आणि आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगता आलेलं नाही.

मावशींना त्याचं काहीच नाही.

"नाही लागत तं नाही लागत, बाबू. कायले एवढा इचार करतं? तू येत जाय ना."

रविवारी जातो.