रिमोटवाल्याचा जांभळा ठिपका

खोपोलीच्या बाजारात रिमोट दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही, माझं त्याने कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो रिमोट आपल्या तडा गेलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरतो आणि बटण दाबतो. मोबाइलवर जांभळा ठिपका लुकलुकला की म्हणतो, "रिमोट चांगला हाय. टीव्ही दाखवून घ्या." नुसत्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड तो हाच.

याच उजेडात फोटो काढायचे म्हणून मी महागडा कॅमेरा आणि त्यावर लावायला फक्त हाच उजेड आत सोडणारा काळा फिल्टर घेतला होता. अशा फोटोत झाडं पांढरीशुभ्र दिसतात, असं वाचलं होतं. दोन रविवार पाताळगंगेच्या काठी उन्हात काढले. सगळे फोटो काळेठिक्कर.

तिसऱ्या रविवारी घरचा रिमोट बिघडला. कॅमेरा गळ्यात अडकवूनच मी त्याच्याकडे गेलो आणि वर त्याला अदृश्य किरणांवर व्याख्यानही दिलं.  त्याने मला फिल्टर काढायला लावून माझ्या कॅमेऱ्यासमोर चांगल्या रिमोटचं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचा अंगठा दिसला. ठिपका नाही.

"आत काच बसवलेली असते साहेब, हा उजेड अडवायला. भारीतला कॅमेरा हाय तुमचा. जे दिसू नये, ते त्याला बरोबर दिसत नाय."

मी हसलो. रसायनीत कारखान्यांचं सांडपाणी तपासून 'ठीक' असा शेरा मारायची माझी नोकरी आहे, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.