मागच्या दाराने उजवीकडे

भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक माणूस कायमचा अदृश्य होताना मी पाहिला आहे. नोकरी संपून वर्षे झाली, तरी तो क्षण मनातून जात नाही. अर्थात तो माणूस पेटीच्या मागच्या फळीतून पडद्यामागे आणि तिथून मागच्या दाराने रस्त्यावर गेला, एवढे तर पहिल्या रांगेतल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. पहिल्या रांगेत मीही होतो, शाल आणि नारळ मांडीवर घेऊन.

तेव्हा मी सेलूला निरीक्षक होतो. गावात हौशी जादूगारांचे एक मंडळ होते. गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गोदामात ते सुरू झाले. तिथले कारकून, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते संस्थापक. पुढे जिनिंग बंद पडली आणि मंडळ नव्या सभागृहात आले. सभासद नाना धरून चारच, त्यामुळे प्रत्येकाला पद होते. अध्यक्ष होतेच, दवाखान्यातले कंपाउंडर कार्याध्यक्ष होते, शाळेतले चित्रकलेचे सर सहकार्याध्यक्ष होते. नुसता सभासद कुणीच नव्हता.

मंडळाचा एक नियम मात्र सगळे मनापासून पाळत. प्रयोग करणारा आपला एक मदतनीस गुपचूप निवडायचा. त्याला ते भिडू म्हणत. भिडू कोण, हे इतरांनी विचारायचे नाही आणि भिडूने सांगायचे नाही. नव्या सभासदाला पत्त्यांच्या कॅटवर हात ठेवून तशी शपथ घ्यावी लागे.

वार्षिक कार्यक्रमात शेवटचा प्रयोग नानांचा. ते पेटीत शिरत, पेटी रिकामी दाखवली जाई, आणि थोड्या वेळाने पुढचे दार उघडले जाई आणि नाना प्रेक्षकांमागून येत. हातात लाल रुमाल आणि तोंडी ठरलेले वाक्य, “मला शोधायलात का?”

त्या रविवारी पेटी रिकामी निघाली. टाळ्या झाल्या. पुढचे दार काही उघडले नाही. अध्यक्षांनी, हे कापडाचे व्यापारी, माईक घेतला आणि जाहीर केले की जादूगार योग्य वेळी प्रकट होतील. टाळ्या आणखी वाढल्या. दिवस मावळायच्या आत लोक घरी गेले. थंडीचे दिवस होते.

सकाळी नानांची मुलगी ठाण्यात आली. झरीला शिक्षिका होती, कार्यक्रमासाठी माहेरी आलेली.

“साहेब, नाना घरी आले न्हाईत. रातभर शोधलं. मंडळवाल्यांना विचारलं तर हसायलेत नुसते.”

आम्ही मिसिंग दाखल केली. वर्णन लिहिले, काळा कोट, चमकीची कॉलर. शेवटचे कुठे दिसले, या प्रश्नावर आमचे हवालदार अडले. शेवटी त्यांनी ‘पेटीत’ असे लिहिले. शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला, स्टेशनवर आणि दवाखान्यात माणूस धाडला.

तेवढ्यात सभागृहासमोरच्या पानवाल्याने खबर दिली. “साहेब, म्हाताऱ्याला मंडळवाल्यांनीच दडवलंय. अध्यक्ष काल कंपाउंडरला डोळा मारून म्हनले, नाना बराबर येतेत, फिकर नको.”

मी अध्यक्षांना बोलावले. ते पाहुण्यासारखे आले, चहा घेतला.

“काय साहेब, तुमालाबी चकवलं म्हना नानांनी!”

“नाना कुठे आहेत?”

“महिन्याखाली म्हनले होते, यंदा असा गायब होतो की तुमीच शोधत बसताल. कलेत घाई करून चालत न्हाई साहेब.”

कंपाउंडर आले, तेही हसले. चित्रकलेचे सर आले. ते हसले नाहीत, पण शपथेचा उल्लेख करून छताकडे पाहत राहिले. गुन्हेगार खोटे बोलतो तेव्हा कुठेतरी घाबरलेला असतो. ही माणसे अजिबात घाबरलेली नव्हती. मला काळजी वाटायला लागली ती तिथे.

मुलगी बाहेर बाकावर होती. ती आत आली आणि अध्यक्षांसमोर उभी राहिली.

“काका, नाना इसरायलेत. दोन वर्षं झाले. मला कधीमधी आईच्या नावानं हाक मारतेत. मंडळात सांगू नको म्हनले होते, जादूगार इसरला तर लोक हसतेत म्हनून. मला जादू नका सांगू. मला बाप पायजे.”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. मी तिघांना एका ओळीत बसवले आणि म्हणालो, “गुपित सांगू नका. एवढंच सांगा, भिडू कोण?”

कंपाउंडरने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी सरांकडे पाहिले. सर म्हणाले, “मला वाटलं, तुमीच.”

भिडू कुणीच नव्हता. नाना नेमायलाच विसरले होते. आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर रात्रभर निवांत झोपला होता.

मग शपथ मोडली. कंपाउंडर रडवेल्या आवाजात म्हणाले, “मागच्या दारानं निघायचं, डावीकडं वळायचं, की पुढचं दार. जुन्या जिनिंगमदी उजवीकडं वळावं लागायचं. इथं आल्यावर नाना पहिल्या वर्षी तालमीत लय चुकायचे. मग सवय झाली.”

मी मुलीला आणि हवालदारांना घेऊन मागच्या दाराने निघालो आणि उजवीकडे वळलो. तो रस्ता सरळ जिनिंगला जातो. आवारात कमरेएवढे गवत होते आणि त्यातून एक माणूस गेल्याची ताजी वाट. गोदामाच्या पुढच्या दाराला जुने गंजके कुलूप होते. त्या दाराला टेकून नाना बसले होते. कोटाची सगळी बटणे लावलेली, मुठीत लाल रुमाल. दार उघडायची ते वाट पाहत असावेत. ते आतून उघडणे हेच भिडूचे काम.

मुलीने आधी त्यांच्या पायांवर आपली शाल घातली. मग रडली.

पंचनामा झाला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले की थंडीने हृदय थांबले, मृत्यू ऊन वर आल्यावरचा. म्हणजे अध्यक्ष माझ्यासमोर चहा पीत होते त्या सुमाराचा. हे मी मुलीला सांगितले नाही. अध्यक्षांना सांगितले.

लोक पोलिसांपुढे गप्प बसतात ते भीतीने, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. ते अर्धेच खरे आहे. माणसे चांगुलपणानेही गप्प बसतात, दिलेल्या शब्दासाठी बसतात, आणि दुसऱ्याला माहीत असेलच या खात्रीने तर सर्वांत जास्त बसतात. पुढे प्रत्येक तपासात सगळे निर्धास्त दिसले की मी आधी विचारत असे, नक्की ठाऊक कुणाला आहे?

शोकसभेत भाषणे लांबली. नाना गेले नाहीत, केवळ अदृश्य झाले आहेत, असे एका पाहुण्यांनी सांगितले. अध्यक्ष बोलायला उठले, माईकसमोर उभे राहिले आणि तसेच खाली बसले. त्या सभेतले तेवढेच मला पटले.

मंडळ अजून आहे. पेटीचा प्रयोगही होतो. फक्त सभागृहाच्या मागच्या दाराला आता बाहेरून कुलूप असते, त्यामुळे अदृश्य झालेला माणूस कार्यक्रम संपेपर्यंत पडद्यामागे खुर्चीवर बसून राहतो.