कच्चा सरस

दादासो शिंगे मला पहिल्या दिवसापास्नं आवडला न्हाय. खोटं कशाला बोलू? चौऱ्याण्णव साली आमच्या तालमीच्या मागच्या दोन खोल्या त्यानं भाड्यानं घेतल्या, तवा घरमालकाला मी तोंडावर विचारलं, "आक्ख्या शिवाजी पेठेत तुला ह्योच भाडेकरू गावला व्हय रं?" घरमालक म्हणाला, "वस्ताद, माणूस निर्व्यसनी हाय, फौंड्रीत कामाला हाय." मी म्हणलं, "आसंल की. पण आपल्यातला न्हाय." दादासो तवा ट्रंक उचलून दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आन् ट्रंक घेऊन आत गेला.

मी हंबीरराव, तालमीचा वस्ताद. गल्लीत माझ्या शब्दाबाहेर कुत्रं भुंकत नव्हतं. आन् ह्यो बौद्ध माणूस, त्याची बायको आन् पाच वर्सांची पोरगी श्रुती, गल्लीत त्यांचं ते एकच घर. भांडण म्हणून कधी करायचा न्हाय. त्याचाच मला राग. नळावर त्याची घागर सरकवली तर मुकाट्यानं मागं उभा ऱ्हायचा. फुटबॉलच्या मॅचला आक्खी पेठ मैदानावर, आन् ह्यो घरात बसून लाकूड तासतोय! शिवी दिली तर वर बघायचा, "व्हय वस्ताद" म्हणायचा आन् परत रंधा मारायचा. आसल्या माणसाचं करायचं काय?

उद्यमनगरच्या फौंड्रीत तो पॅटर्न मेकर होता. म्हंजे लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करणारा. फळ्या सरसानं एकावर एक चिकटवायच्या आन् त्यातनं पंप म्हणा, इंजिनाचं झाकण म्हणा, कोरून काढायचं. सांधा उकलला की नमुना गेला आन् त्यावरचं ओतकामबी गेलं. त्यामुळं पॅटर्नवाल्याची सगळी अब्रू त्याच्या सरसात. फौंड्रीतली पोरं तालमीत यायची, ती सांगायची, "वस्ताद, शिंगेमामांचा सांधा करवतीनं कापला तरी सुटत न्हाय." माझ्याच तालमीत, माझ्याच पोरांच्या तोंडनं त्याची तारीफ! माझं टाळकं सणकायचं.

दोन हजार दोन साली त्याच्या डोक्यात धनुष्य शिरलं.

झालं आसं, की श्रुतीच्या शाळेत एक मास्तर पोरींना तिरंदाजी शिकवायचं. ही पोरगी त्यात लई पुढं निघाली. दसऱ्यानंतरच्या रविवारी जिल्ह्याची निवड होती, लाकडी धनुष्याचा गट, चौदा वर्सांच्या आतला. धनुष्य ज्यानं त्यानं आपलं आणायचं. शाळेची दोन होती, ती मोठ्या पोरींना गेली. विकत घ्यायचं तर ह्या माणसाची ऐपत न्हाय. आन् पुढच्या साली पोरगीचं वय बसणार न्हाय. म्हंजे जायचं तर ह्याच रविवारी, न्हायतर कायमचं ऱ्हायलं.

दादासोनं जुन्या बाजारातनं एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात विलायतेतल्या लांब धनुष्याची मापं होती. माणसाएवढं उंच, पाठीला म्हंजे नेमाकडच्या अंगाला चपटं, आन् पोटाला म्हंजे धरणाऱ्याकडं गोल. श्रुती वाचायची, मराठी करून सांगायची आन् ह्यो पेन्सिलीनं भिंतीवर आकडं लिवायचा. विलायती लाकूड कोल्हापुरात कुठलं? राधानगरीकडं एका म्हाताऱ्याच्या घरात धामणीच्या लाकडाची जुनी कावड लटकलेली होती, ती हा मागून घिऊन आला. धामण वाकती पण मोडत न्हाय, म्हणून तर कावडीला वापरायची. ती चिरून पोटाची पट्टी केली. मधी सागाची पट्टी. पाठीला मेसाच्या बांबूची, वरची साल तशीच ठिवून.

महिनाभर तालमीच्या भिंतीपलीकडं खर्र खर्र चालू. मी भिंतीवर बुक्की मारून ओरडायचो, "शिंग्या, दुपारचं डोळा लागू दे की रं माणसाला!" रंधा थांबायचा. मी कूस बदलली की काचेच्या तुकड्यानं खरवडायला सुरू. ते तर त्याहून वंगाळ.

एकदा मुद्दाम बघायला गेलो. तीन पट्ट्यांना दोन डब्यांतला सरस कालवून लावलाता, पट्ट्या एका वाकड्या फर्म्यावर बसवल्यात्या, आन् सायकलच्या जुन्या ट्यूबा फाडून त्यांच्या पट्ट्यांनी सगळं आवळून गुंडाळलंतं. बायको एक टोक धरून बसलेली, हाताला सरस, कपाळाला सरस. मी हसलो. "काय शिंगे, अजगर पाळलाय काय?" तो म्हणाला, "दोन दिवस पत्र्याखाली उन्हात ठिवायचं वस्ताद, मग सोडायचं." माझ्याकडं बघितलंबी न्हाय, बोटानं सांध्याची रेघ चाचपत बसला.

पुढं टोकांना म्हशीचं शिंग कोरून बसवलं. गल्लीत मीच चेष्टा काढली, शिंग्यानं शिंगं लावली म्हणून. दोरी इचलकरंजीच्या मागावरच्या दोऱ्याची, मेण लावून पीळ घातलेली. धनुष्य भिंतीला खुंटीवर आडवं टांगून, कप्पीवरनं दोरी ओढून तो तासन्‌तास बघायचा, धनुष्याचं दोन्ही हात, म्हंजे मुठीच्या वरचा आन् खालचा भाग, सारखं वाकतात का. वरचा हात जरा ताठ वाटला की खाली घ्यायचा, चार वेळा काच मारायचा, परत टांगायचा. पोरगीच्या ओढीचं माप त्यानं खडूनं भिंतीवर केलंतं, त्याच्यापुढं एक बोट न्यायचा न्हाय.

धनुष्य झालं. आन् मग त्याला जागा पायजे झाली. आख्ख्या गल्लीत नेम धरायला लांबी कुठं? तालमीच्या मागच्या परड्यात. आठ वर्सांत पहिल्यांदा तो माझ्या दारात काय तरी मागायला आला. मी त्याला आत बोलावलं न्हाय. पायरीखाली उभं केलं आन् सावकाश पान लावत बसलो.

"वस्ताद, सांजचं तासभर पोरीला परड्यात नेम धरू द्या. निवडीपुरतं."

मी म्हणलं, "धरू दे की. पण तालमीच्या जागंत जे शस्त्र चालतंय, ते खंडेनवमीला तालमीत पुजाय ठिवायचं."

त्याचा चेहरा पडला. "आम्ही पूजा करत न्हाय वस्ताद. आमचा त्या वक्ताला दीक्षेचा दिवस आसतोय."

"मग नेमबी धरू नका."

त्यानं वळून परड्याकडं बघितलं. मला लई बरं वाटत होतं, आता सांगायला लाज वाटती पण तवा लई बरं वाटलं. शेवटी म्हणाला, "आणून ठिवतो. पूजा झाली की लगेच घिऊन जातो." पोरगीसाठी वाकला तो. मी त्याला वाकवला.

आमच्या तालमीत खंडेनवमीची एक रीत हाय. शस्त्राला नुसतं हळदकुंकू लावायचं न्हाय. आधी ते जागं करायचं. वस्तादानं एकेक शस्त्र उचलायचं, लाठी आसंल तर फिरवायची, दांडपट्टा आसंल तर चार हात करायचं, मगच मारुतीपुढं लाल कापडावर ठिवायचं. जागं न केलेलं शस्त्र पुजलं तर वरीसभर तालमीला यश न्हाय, आसं आमच्या वस्तादाच्या वस्तादापास्नं चालत आलंय.

त्या खंडेनवमीला दादासोची फौंड्रीत पहिली पाळी होती. धनुष्य घेऊन श्रुती आली. पोरगी उंबऱ्याबाहेरच उभी ऱ्हायली, दोन्ही हातांनी धनुष्य पुढं केलं आन् म्हणाली, "वस्ताद, बाबांनी सांगितलंय, दोरी ओढली तर रिकामी सोडायची न्हाय. बाण नसला की सगळा जोर लाकडात जातोय. आन् माझ्या मापापेक्षा जास्त ओढायची न्हाय."

माझ्या मागं वीस-पंचवीस पोरं अंगाला तेल लावून उभी. त्यांच्यादेखत तेरा वर्सांची पोरगी मला, हंबीररावाला, शस्त्र कसं धरायचं ते शिकवती! तेबी शिंग्याची! माझ्या डोळ्यापुढं लाल झालं. मी म्हणलं, "तुझ्या बापाला सांग, लाकूड तासावं. शस्त्र आम्हाला कळतंय."

धनुष्य उचललं. खरं सांगतो, हातात घेतल्यावर एक क्षण गार वाटलं. आसलं हलकं, आसलं गुळगुळीत. दोरी ओढली, वाकलं की रेशमागत. पोरगीच्या मापाशी थांबायचं होतं. मी पार कानापत्तूर नेली. श्रुती किंचाळली, "वस्ताद, नगा!" आन् मी दोरी सोडून दिली. रिकामी.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. वरचा हात तुटून माझ्या खांद्याला लागला, खालचा दोरीला लटकत ऱ्हायला. आन् पोरांनी शिट्ट्या मारल्या! टाळ्या! "वस्तादांची ताकद बघा! धनुष्याचं दोन तुकडं!" मी छाती काढून उभा ऱ्हायलो. मला मोठेपणा वाटला, आयला, मोठेपणा.

पोरगी रडली न्हाय. उंबरा ओलांडून आत आली, कधी येत नव्हती ती, आन् तुकडं गोळा करायला लागली. तेवढ्यात दादासो दारात. पाळी सुटून तसाच आलाता, हातात जेवणाचा डबा. त्यानं बघितलं. पोरं सगळी माझ्याकडं बघायला लागली. आता काय तरी बोलणं भाग होतं.

मी म्हणलं, "शिंगे, तुझा सरस कच्चा."

श्रुतीनं तोंड उघडलं. दादासोनं तिच्या डोक्यावर हात ठिवला. खाली बसला, तुटलेलं टोक हातात घेतलं, अंगठा फिरवला. मला वाटलं आता ह्यो भांडतोय. भांडला आस्ता तर बरं झालं आस्तं, मीबी चार लाथा घातल्या आस्त्या आन् विषय मिटला आस्ता. तो उठून म्हणाला, "व्हय वस्ताद. सरसच कच्चा ऱ्हायला आसंल." आन् पोरगीला घिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तालीम झाडताना कोपऱ्यात एक तुकडा गावला, वीतभर. मी निरखून बघितला. धामण फाटलीती, बांबूच्या शिरा उभ्या चिरल्यात्या, पण सांधा जागच्या जागी. सुरी घातली, ठोकली. सुरीचं टोक मोडलं, सांधा उकलला न्हाय. तवा मला कळलं. म्हंजे कळलंतं आधीच, आता पुरावा हातात आला. घरी गेलो, बंबात दुसऱ्या लाकडांबरोबर तो तुकडा घातला आन् त्याच पाण्यानं आंघोळ केली. वर दसऱ्याचं सोनं वाटत गल्लीभर हिंडलो.

रविवारी श्रुती निवडीला गेली न्हाय. नवं धनुष्य करायला महिना पायजे, सहा दिवसांत काय होतंय? बापानं मास्तरांचं पाय धरलं म्हणं, शाळेचं एक तरी द्या म्हणून, पण न्हाय मिळालं. सकाळी नऊ वाजता ती दारात शाळेचा ड्रेस घालून बसलीती. दुपारी बसलीती. मी खिडकी लावून घेतली.

आन् गल्लीनं दादासोला नाव ठिवलं, कच्चा सरस. मी एकदाच बोललो, पण कोल्हापुरात एकदा बोललेलं फुकट जात न्हाय. आधी तालमीतली पोरं, मग नळावरच्या बाया, मग फौंड्रीत. "काय कच्चा सरस, आज नमुना टिकंल नव्हं?" ज्याचा सांधा करवतीला ऐकत न्हाय म्हणायची, तीच पोरं दात काढायची. फौंड्रीत त्याचे सांधे दुसरा माणूस तपासायला लागला. त्यानं एकदाबी कुणाला सांगितलं न्हाय की वस्तादानं दोरी रिकामी सोडली. मी वाट बघायचो, आज सांगंल, उद्या सांगंल. त्याच्या गप बसण्याचा मला आधीपेक्षा जास्त राग यायला लागला. नळावर गाठ पडली की मीच मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचो, "ए कच्चा सरस!" सात वर्सं हाक मारली.

दोन हजार नऊला श्रुतीला गडहिंग्लजला सरकारी नोकरी लागली. दादासोचं फौंड्रीतलं काम आधीच सुटलंतं. घर हलवायचं ठरलं. टेम्पो आला, अर्धी गल्ली बघायला उभी. मी बी गेलो. का गेलो ते मला माहीत न्हाय, पायच गेलं. तो टेम्पोच्या मागच्या बाजूला दोरी आवळत होता. मी जवळ जाऊन हळूच म्हणलं, "दादासो, तुझा सरस कच्चा नव्हता बरं का."

त्यानं गाठ मारली, ओढून बघितली. "मला म्हाईत हाय की वस्ताद. मीच लावलाता."

"मग त्या दिवशी व्हय का म्हणलास?"

"ऱ्हायचं कुठं होतं मग?" तो म्हणाला. "ह्याच गल्लीत पोरगी शाळेला जाणार, ह्याच नळाला पाणी भरणार. तुम्हाला खोटं पाडून ऱ्हायलो आस्तो व्हय इथं?"

श्रुती पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसलीती, खिडकीतनं तिनं सगळं ऐकलंतं. ती खाली उतरली, माझ्यासमोर आली. बापासारखी खाली बघत न्हाय ती, नजर काढत न्हाय.

"वस्ताद, तुम्ही कच्चा म्हणला ते चारचौघांत. आता कानात कशाला सांगताय? हे बघा, सगळी उभी हाईत. मोठ्यानं सांगा."

मी मागं वळलो. तालमीची पोरं होती, घरमालक होता, नळावरच्या बाया होत्या. सगळी माझ्याकडं बघत होती, वस्ताद काय बोलतोय म्हणून. दादासोनं दोरीवरचा हात काढला. त्याच्याबी तोंडावर काय तरी आलं, सात वर्सांत पहिल्यांदा तो माझ्याकडनं कशाची तरी वाट बघत होता.

मी घसा साफ केला.

"ए ड्रायव्हर," मी म्हणलं, "गाडी सरळ मागं घे. डाव्या अंगाला गटार हाय."